दोन घागरींचा शब्द

किस्से कसे साठतात म्हणाल, तर जुन्या जीपच्या सीटखाली सामान साठतं तसे. पाना शोधायला हात घालावा आणि हाताला भलतंच लागावं. अर्धी सुपारी, तुटका कंगवा, कुणाच्या तरी लेकराचं टोपडं! मी लातूरला एका बाळंतपणाच्या दवाखान्यात वीस-बावीस वर्षं जीप चालवली. जीप भंगारात गेली, किस्से मात्र माझ्यापाशीच राहिले. माझं शिक्षण सहावी. सातवीत जाणारच होतो, पण मास्तर हात जोडून म्हणाले, "बाबू, आता तू जगाला शिकव."

तर हे सगळे किस्से एका शब्दाचे आहेत. बाईच्या अंगाचा एक भाग, त्याचं आपल्याकडचं नाव. नाव कसलं, शिवीच. तुम्हाला ठाऊक आहे, उगं भोळं तोंड करू नका! मी तो इथं लिहिणार नाही. लाजेचा प्रश्न नाही. आमच्या दवाखान्याचा नियम होता, शब्द आला की दोन घागरी पाणी आणायचं. आणि माझे गुडघे आता घागरीचे राहिले नाहीत.

*

नियम केला डॉक्टरीणबाईंनी. बाई पुण्याच्या, सासर लातूरचं. पहिल्याच दिवशी दवाखान्यात पाय ठेवला तर समोर गयाबाई.

गयाबाई आमची आया, मूळची मुरुडची. हाडापेरानं मजबूत, तळहातावर कायम तंबाखूची मिश्री. शिकलेली काहीच नाही, पण पोटावरून हात फिरवून सांगायची, संध्याकाळी सुटेल का सकाळी. तो शब्द तिच्या बोलण्यात मिठासारखा पडायचा. मांजराला तोच, बादलीला तोच, गेलेल्या विजेला तोच. रागानंच म्हणायची असंही नाही. लाडात आली तर जन्मलेल्या लेकराला बी तोच!

डॉक्टरीणबाईंनी तासाभरात नऊ वेळा ऐकला आणि पुठ्ठ्यावर लिहून दारातल्या रांजणावर पाटी लावली : "अपशब्द उच्चारणाऱ्याने दोन घागरी पाणी आणावे." लातूरला नळ आठवड्यानं यायचा. रस्त्यापल्याड हापसा होता, तोही दहा हात मारल्याशिवाय उलटी करायचा नाही. म्हणजे शिक्षा साधी नव्हती.

पण झालं काय, पेशंटचे नातेवाईक रांजणावर पाणी प्यायला यायचे, पाटी वाचायचे आणि जवळ उभ्या गयाबाईला विचारायचे, मावशी, अपशब्द म्हंजे नेमका कोणता?

गयाबाई सांगायची. मोठ्यानं. आणि घागरी उचलायची.

*

त्या नियमाआधी रांजण भरायचं काम माझं होतं. नियम आला आणि माझी पेन्शन सुरू झाली समजा. रांजण तळाला गेला की मी एवढंच करायचो, गयाबाईची मिश्रीची डबी उचलून औषधाच्या कपाटावर ठेवायचो. पाच मिनिटांत शब्द, दहा मिनिटांत पाणी!

एकदा तिनं मला डबी लपवताना पकडलं. मग जे बोलली त्याच्यात रांजण भरला, बाजूचं पिंप भरलं, आणि शेजारच्या पानवाल्यानंही आपला माठ पुढं सरकवला.

*

औषधाच्या खिडकीत बसायचे सय्यदभाई, आमचे कंपाउंडर. लातुरातलं जुनं खानदान, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते. जबान अशी की शिंक आली तरी आधी माफी मागायचे. गयाबाईला 'आपा' म्हणायचे आणि आपा बोलायला लागल्या की दोन्ही कानांत कापसाचे बोळे. बोळ्यांची वेगळी डबीच होती त्यांच्याकडं. मलम देताना बायांना सांगायचे, "जहाँ की शिकायत है, वहाँ लगाइए."

सय्यदभाईंच्या तोंडून तो शब्द एकदा तरी काढायचाच, अशी मी आण घेतली होती. सहा वर्षं झटलो. त्यांच्या स्टुलाचा पाय ढिला केला. चहात मीठ घातलं. स्कूटरच्या सीटवर खाजकुयली टाकली. काही उपयोग नाही.

मग एके दिवशी देवानंच संधी दिली. खोक्यात हात घातला आणि भाईंना विंचू चावला. विंचू चावल्यावर माणसाच्या तोंडून काय निघतं ते आपल्याला माहीत आहे. मी औषध आणायच्या आधी कान देऊन उभा राहिलो. भाई घामानं डबडबले, डोळे मिटले, ओठ थरथरले. आणि विंचवाकडं बघून म्हणाले,

"जनाब, ये आपने अच्छा नहीं किया."

*

भूकंप झाला तेव्हाचं सांगतो. पहाटे जमीन हालली आणि उजाडायच्या आत आमची जीप औशाच्या पलीकडं निघाली. डॉक्टरीणबाई, गयाबाई आणि कापसाचे गठ्ठे. गावं राहिलीच नव्हती, दगडांचे ढीग होते. त्याच्यावर मी बोलणार नाही. ज्यांनी बघितलं ते बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांनी बघितलेलं नसतं.

दहाव्या-बाराव्या दिवशी पत्र्याच्या शेडात एक बाई अडली. आत गयाबाई, बाहेर कॅमेरेवाले. बाळ जन्मतंय म्हटल्यावर सगळे फटीला डोळे लावायला लागले. हवालदार म्हणाला सरका, कुणी सरकेना. गयाबाई दारात आली, हात रक्तानं भरलेले, आणि तिनं तो शब्द असा सोडला की कॅमेरेवाले निलंग्याच्या रस्त्यापर्यंत मागं गेले!

शेजारच्या शेडाच्या दाराशी एक म्हातारा बसून होता. ढिगाऱ्यातून काढल्यापासून तोंडातून एक अक्षर नाही. डॉक्टर बोलून गेले, साहेब बोलून गेले, त्याच्या भावकीतले पाय धरून गेले. म्हातारा दगडासारखा. गयाबाईचा शब्द कानावर पडला तशी त्यानं मान वर केली.

"बाई, तोंड सांभाळ," म्हातारा म्हणाला. "घरात पोरीबाळी हायेत."

घर नव्हतं. पोरीबाळीही नव्हत्या. पण म्हातारा बोलला, आणि गयाबाईनं डोक्यावर पदर घेऊन त्याला उत्तर दिलं, "चुकलं दादा." त्या दिवशी ती हापसा शोधत फिरली. पाटी नव्हती, रांजण नव्हता, तरी दोन घागरी भरून म्हाताऱ्याच्या शेडात ठेवूनच जीपमध्ये बसली.

*

नांदेडचं ऐकून घ्या, मन हलकं होईल. औषधाचा माल आणायला गेलो आणि जीप वजिराबादेत बसली. मेकॅनिक पोरगं हुशार, पण त्या शब्दाशिवाय त्याचा पाना फिरेना. नट तसला, बोल्ट तसला, जीप बनवणारा तसला, आणि उन्हात उभा राहिलेला मी बी तसलाच. मला राग आला नाही. नांदेडला दोस्ताला तसंच बोलावतात. लातूरला तोच शब्द काढला तर आधी माणसाचं गाव विचारतात, मग कानाखाली देतात.

तेवढ्यात त्याची माय डबा घेऊन आली. पोराचं तोंड लगेच धुतल्यासारखं झालं. काका, आपण सावलीत बसा, आपली गाडी आत्ता होईल. मी मनात म्हटलं, वा, संस्कार आहेत.

मायनं डबा ठेवला, बॉनेटमध्ये डोकावली आणि तोच शब्द घालून विचारलं, हिचं अजून व्हईना का रे?

पोरगं लाजेनं लाल झालं. "माय," म्हणालं, "लातूरचं गिऱ्हाईक हाय."

*

पुढं लातूरला क्लासचं पीक आलं. ज्या गोठ्यात म्हशी बांधायचे तिथं फळे लागले. गल्लीगल्लीत सायकली, खानावळी, आणि पाठीला दप्तर लावलेली पोरं. कुणाला विचारा, डॉक्टर व्हायचंय. मला तर भीती वाटायची, सगळेच डॉक्टर झाले तर आजारी कोण पडणार?

गयाबाईची नात शीतल, लेकीची लेक, मुरुडहून आजीपाशी राहायला आली. पोरगी वाचायला लागली की शेजारी फटाका फोडला तरी मान वर करायची नाही. गयाबाई तिच्यासमोर बोलताना जरा पदर सांभाळायची, एवढंच.

क्लासमध्ये बायॉलॉजीला तो धडा आला. सरांनी पंखा फुल्ल केला, छताकडं बघितलं आणि सांगितलं, हे घरी वाचा, परीक्षेला हमखास येतं. पोरं पुस्तकाकडं बघून राहिली, पोरी पायाकडं. शीतल पुस्तक घेऊन सरळ दवाखान्याच्या मागच्या पायरीवर आली.

गयाबाईनं चित्र लांब धरून बघितलं. "कोण्या बाप्यानं काढलंय हे? ह्याच्यातून मांजराचं पिलू बी भाईर यायचं न्हाई."

मग तिनं कापसाच्या घड्या बाजूला ठेवल्या आणि धडा सुरू केला. कुठं काय असतं, किती ताणतं, कुठं फाटतं, फाटलं तर कुठून शिवायचं. तीस वर्षांचं ज्ञान! पण नावं तिच्याकडची. शीतल खाली मान घालून लिहून घेत होती. सय्यदभाईंचे बोळे संपले, त्यांनी खिडकीच लावून घेतली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तोवर तो शब्द अकरा वेळा झाला होता. बावीस घागरी, त्या म्हणाल्या. गयाबाई पहिल्यांदाच अडून बसली. ही शिवी नाही, म्हणाली, मी पोरीला अवयवाचं नाव सांगतेय. दुसरं नाव असलं तर तुम्ही सांगा. बाईंनी पुस्तकातलं नाव सांगितलं.

"ते पोथीतलं झालं बाई," गयाबाई म्हणाली. "ते नाव घेऊन कोण्या बाईनं आजपातूर तुमाला दुखणं सांगितलंय? बाया पोट म्हणत्यात, आन् पोटाची पुडी घेऊन माघारी जात्यात."

डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटून शीतलच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "शब्द तो शब्द. कुणीही बोलो, कशासाठीही बोलो. दोन घागरी."

गयाबाईनं दिवेलागणीपर्यंत बावीस घागरी भरल्या. शीतलला त्या धड्यात पैकीच्या पैकी पडले. सरांनी विचारलं, गाईड कुठलं वापरलंस? पोरगी म्हणाली, मुरुडचं.

*

आता माझं पाप सांगतो.

औशाच्या एक रिटायर मुख्याध्यापिका सुनेला घेऊन आल्या. मुलगा मस्कतला. त्याला लेकराचं पहिलं रडणं ऐकवायचं म्हणून सोबत टेपरेकॉर्डर. बटणं त्यांना कळेनात, मला म्हणाल्या, बाळ आलं की लाल बटण दाबा. मी म्हटलं, बिनघोर राहा बाई. टेप बाळंतखोलीच्या खिडकीत ठेवला आणि बटण अर्धा तास आधीच दाबलं!

मला ठाऊक होतं ना आत काय चाललंय. अडलेली बाई थकली, सोडून बसली, की गयाबाई तिच्या कानाशी तो शब्द म्हणायची. मग जरा मोठ्यानं. मग दवाखाना ऐकेल असा. बाईला एकतर राग यायचा नाहीतर हसू, पण दोन्हीत जोर लागायचा आणि बाळ बाहेर!

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी टेप डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि चालू केला. आधी पंख्याची घरघर. मग सून, मला न्हाई होत. मग गयाबाई. एकदा, दोनदा, पाचदा, चढत्या सुरात. मग सुनेची किंकाळी, आणि मग बाळ.

"सात पिढ्यांत आमच्या घरात जो शब्द शिरला नाही," मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या, "तो नातवाच्या आधी आला."

गयाबाई कौतुकानं टेपकडं बघत होती. लेकराचा आवाज कसा खणखणीत हाय बघा, म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी पण नाही. डॉक्टरीणबाईंनी थंडपणे सांगितलं, आता पाण्यावर भागणार नाही. हा शब्द परत तुमच्या तोंडून ऐकला तर त्या दिवशी कायमचं घरी जायचं. शीतलची बारावी चालू होती. गयाबाईची नोकरी गेली की पोरगी मुरुडला परत, क्लास बंद, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी आत जाऊन कबूल केलं की बटण मी दाबलं.

"बटण तुमचं होतं, बाबूराव," बाई म्हणाल्या. "तोंड तुमचं नव्हतं."

*

गयाबाई गप्प झाली. गप्प म्हणजे कशी, नळ गेल्यासारखी.

मांजर दूध सांडून गेलं, गप्प. वीज गेली, गप्प. मी डबी कपाटावर ठेवून बघितली, तर तिनं स्टूल घेतलं, डबी काढली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यापेक्षा शिवी बरी होती. रांजणाला तळ दिसायला लागला आणि घागरी परत माझ्या खांद्यावर आल्या.

सय्यदभाईंनी खडीसाखरेची पुडी आणली. आपा, बाळंतखोलीत जाताना एक खडा गालात ठेवत जा, म्हणाले, तोंड गुंतलेलं राहील. गयाबाई खडा चघळत आत जायची. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज यायचा, जोर लावा ताई, जोर लावा. लेकरं जन्मत होती, पण उशिरा, आणि बाईंचा घसा बसलेला.

आठ दिवसांनी भाईंनी कानातले बोळे काढून डबीत ठेवले. मला हळूच म्हणाले, "बाबूमियाँ, दवाखाना बीमार लगता है."

*

आणि मग सुमन आली. भूकंपानंतर नवी गावं बसवली ना, त्यातल्या एका गावची, तिशीतली बाई. सोबत कुणी नाही. हातात दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन्हींवर पोटाच्या गोळ्या.

दुपारची वेळ. पडद्याआड डॉक्टरीणबाई, सुमन आणि गयाबाई. पडद्याअलीकडं औषधाच्या खिडकीशी मी आणि सय्यदभाई.

कुठं दुखतं? पोटात. पोटात कुठं, वर का खाली? हाव. लघवीच्या जागी? हाव. बाईंनी पुस्तकातलं नाव घेऊन विचारलं. हाव. बाईंना शंका आली, त्यांनी विचारलं, डोकं दुखतं का? हाव.

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "गयाबाई, तुम्ही विचारा."

गयाबाईच्या दाढेखाली खडीसाखर कडकन फुटली.

"न्हाई बाई. एक शब्द आन् घरी, तुमीच म्हणलाव. माज्या शीतलची परीक्षा महिन्यावर हाय."

मी सय्यदभाईंकडं बघितलं. भाई बोळ्यांच्या डबीवर हात ठेवून बसले होते. पंखा फिरत होता. सुमन उठून निघाल्यासारखी खुर्ची सरकली.

आणि डॉक्टरीणबाईंनी तो शब्द उच्चारला.

स्पष्ट. पुण्याच्या उच्चारात. बातम्यांत एखाद्या गावाचं नाव घ्यावं तसा. पुढं विचारलं, तिथं दुखतं का?

"तितंच बाई," सुमन म्हणाली. "लेकरू झाल्यापून. दोन वर्सं झाली. कुणी नावच घेईना, मी कसं सांगू?"

मग ती रडायला लागली आणि रडत रडत सगळं सांगत गेली. आतून बराच वेळ दोघींचाच आवाज येत होता. टाका घालायचा राहून गेला होता. सय्यदभाईंनी डबी उघडली, बोळे कचऱ्याच्या बादलीत टाकून दिले आणि बाईंच्या चिठ्ठीची वाट बघत बसले.

तासाभरानं सुमनला खाटेवर निजवून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हात धुतले. पाटीसमोर उभ्या राहिल्या. मग पांढऱ्या कोटासकट दोन घागरी उचलल्या आणि रस्ता ओलांडून हापशाकडं निघाल्या.

समोरचा क्लास नुकताच सुटला होता. दोनशे पोरं सायकली धरून जागच्या जागी. पानवाल्याच्या हातातला चुना वाळला. दवाखान्याच्या दारात पोचलेली शीतल दप्तर टाकून धावली, तिचा हात गयाबाईनं धरला आणि तिला मागं ओढलं. बाईंनी एकटीनं हापसा मारला. एक घागर भरली, दुसरी भरली. एक कमरेवर घेऊन बघितली, जमेना. डोक्यावर घेऊन बघितली.

गयाबाई दारात उभी राहून मिश्री लावत होती. बोट तोंडातून काढलं, माझ्याकडं वळली.

"बाबू, जा, चुंबळ दे तिला. पयलीच येळ हाय, सांडल."